मालमोटारीची पाणनळी व तिची क्लिप : मालकाने स्वतः पाहावयाची बाब

मुळशी तालुक्यातील मारुंजी, माण, हिंजवडी या गावांची शिवारे गेल्या सुमारे तीस वर्षांत कशी पालटली, हे त्या बाजूच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. संगणक-उद्योगाच्या वसाहतीसाठी जमिनी गेल्या, रस्ते झाले, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. जमिनीचा मोबदला ज्यांच्या हाती आला, त्यांपैकी कित्येकांनी तो मालमोटारीत, टिपरात किंवा पाण्याच्या टँकरात घातला. ज्या अंगणात पूर्वी बैलजोडी बांधलेली असे, तेथे आज दहा-बारा चाकांचा ट्रक उभा दिसतो. हे योग्य झाले की अयोग्य, हा वाद येथे उकरून काढावयाचा नाही. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. गेलेली जमीन पुन्हा मिळत नसते, व तिच्या बदली आलेली मालमोटार हीच आता त्या कुटुंबाची जमीन होय. ती निकामी झाली, तर जमीन दुसऱ्यांदा गेली असे समजावे.

आपला शेतकरी बियाणे निवडताना किती चिकित्सा करतो! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी पेरावयाचा, तर पिशवी कोणाची, मोहोर कोणती, उगवण किती, हे तो विचारतोच. बैल घेताना दात, खूर व चाल पाहिल्यावाचून इसार देत नाही. परंतु हाच गृहस्थ लाखो रुपयांच्या यंत्राच्या पोटात पाणी वाहून नेणारी रबरी नळी, जिला मोटारवाले होज पाइप म्हणतात, आणि ती आवळून धरणारी क्लिप, या दोन वस्तूंची निवड खुशाल ड्रायव्हरच्या किंवा रस्त्यावरील मिस्त्रीच्या मर्जीवर सोडून देतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ही निवड मालकाची आहे. आणि नळी व क्लिप या दोन सुट्या वस्तू नसून ती एक जोडी आहे. जोडीतील एक चांगली व दुसरी हलकी असेल, तर दोन्हीचे पैसे वाया जातात.

या नळीचे महत्त्व विहिरीवरील इंजिनाच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. खडकीस १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाल्यानंतर आपल्या विहिरींवर डिझेल इंजिनांचा प्रसार झाला. त्यांतील अनेक इंजिनांना पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक धार देऊन थंड ठेवीत असत. इंजिनाला सगळी विहीर मोकळी होती. थोडे पाणी गळाले, तर ते पाटातच जाई. मालमोटारीच्या पाठीशी अशी विहीर नाही. तिच्याजवळ तीस-चाळीस लिटर पाणी असते. तेच इंजिनात तापते, तेच रेडिएटरमध्ये निवते, आणि पंप तेच पुन्हा इंजिनात ढकलतो. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाची विल्हेवाट या एवढ्याशा पाण्याला लावावी लागते. इंजिन चौकटीवर हादरत असते व रेडिएटर आपल्या जागी निराळा हलत असतो. म्हणून दोहोंमध्ये लोखंडी नळ चालत नाही, लवचिक नळीच लागते. अर्थात सर्व यंत्रात ही नळीच मऊ, आणि सर्व भार तिच्यावरच, अशी ही रचना आहे.

नळी फुटली म्हणजे काय होते? पाणी दाबाखाली असल्यामुळे ते थेंबाथेंबाने जात नाही, वाफेसह उसळून जाते. ड्रायव्हरच्या पुढील काटा अशा वेळी दगा देण्याचा संभव असतो. कारण तापमान मोजणारी कांडी पाण्यात बुडालेली असेल तोवरच ती खरे सांगते. पाणीच उरले नाही, तर काटा खाली येऊन ‘सर्व ठीक आहे’ असेही दाखवितो. तेवढ्या अवधीत हेडचे गॅस्केट जाते, हेड वाकते, व दुर्दैव ओढवलेच तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसतो. नळीची किंमत आणि इंजिन उतरवून उघडण्याचा खर्च यांची तुलना ज्याने कधी एकदा बिल भरले आहे, त्याला शिकवावी लागत नाही.

आपल्या भागात असे प्रसंग येण्यास दोन जागा विशेष अनुकूल आहेत. पहिली बोरघाट. भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजारास जाणारी गाडी घाट उतरते, तेव्हा इंजिनावर ताण नसतो. परंतु परतीचा माल भरून हीच गाडी खोपोलीहून खंडाळ्यास येते, तेव्हा थोड्या मैलांत सुमारे पाचशे मीटर चढ तिला चढावा लागतो. गिअर खालचा, वेग बैलगाडीपेक्षा थोडा अधिक, समोरून वारा नाही, आणि इंजिन मात्र पुऱ्या जोरात! दुसरी जागा घराजवळची, म्हणजे हिंजवडी व चाकणच्या रस्त्यांवरील वाहनांची कोंडी. तेथे चढ नसला, तरी उन्हात तासन्‌तास रांगत राहावे लागते व सारी भिस्त पंख्यावर असते. त्यातच १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रमाणाच्या अनेक इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा आत घेतात. तो थंड करण्याचे कामही याच पाण्याकडे आले आहे. म्हणजे नव्या गाडीत नळ्याही अधिक, जोडही अधिक, आणि म्हणून गळण्याच्या जागाही अधिक.

आता निवडीकडे वळू. रेडिएटरच्या दोन मुख्य नळ्यांची कामे निरनिराळी आहेत, हे प्रथम समजून घ्यावे. वरची नळी इंजिनातून तापून आलेले पाणी रेडिएटरकडे नेते. तिला उष्णता व दाब सोसावा लागतो. खालची नळी निवलेले पाणी पंपाकडे नेते. ती ओढीची नळी आहे. विहिरीवरील पंपाची ओढीची नळी मऊ निघाली तर ती आत चिमटते, व तिच्या जोडात हवा शिरली तर पंप पाणी सोडतो, हा अनुभव प्रत्येक बागाईतदाराला आहे. येथेही तोच न्याय लागू आहे. म्हणून खालची नळी जाड व ताठ हवी. मूळ नळीत तारेची गुंडाळी असेल, तर नव्या नळीतही ती असलीच पाहिजे. ‘अडचण होते’ म्हणून ती काढून टाकणारा मिस्त्री आपले काम सोपे करीत असतो, मालकाचे नव्हे.

रबराच्या जातीविषयी बाजारात फार गोंधळ आहे. आज मालमोटारीच्या नळ्या बहुधा दोन जातींच्या मिळतात. एक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची काळी नळी, व दुसरी सिलिकॉनची, जी बहुतकरून निळी अथवा तांबडी असते. चांगली ईपीडीएम नळी सुमारे १२५ अंश सेल्सियसपर्यंत टिकते; सिलिकॉनची सुमारे १७५ अंशांपर्यंत. इंजिनातील पाणी सामान्यतः ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहते. यावरून दिसेल की, साधारण वापराच्या मालमोटारीस चांगली ईपीडीएम नळी पुरेशी आहे. जेथे नळी टर्बोच्या किंवा धुराच्या नळाच्या अगदी जवळून जाते, अथवा गाडी रात्रंदिवस चालवून तिच्याकडून पुष्कळ वर्षे काम घ्यावयाचे आहे, तेथे सिलिकॉनला जादा पैसे देणे शहाणपणाचे ठरेल. परंतु सिलिकॉन म्हणजे अमरपट्टा नव्हे. ते मऊ असल्याने हलक्या क्लिपने कापले जाते, आणि त्याच्या अंगातून पाण्याची वाफ हळूहळू निसटत असल्यामुळे पाण्याची पातळी अधिक वेळा पाहावी लागते. डिझेल व तेल यांचे तर दोन्ही जातींशी वैर आहे. तेल लागलेली नळी फुगते व सैल पडते. म्हणून इंजिनाची तेलगळती बंद केल्याशिवाय नवी नळी बसवणे, म्हणजे वाळवी न मारता नवे वासे चढविण्यासारखे आहे.

रंगावरून परीक्षा करू नये. निळा रंग कोणत्याही रबराला देता येतो. नळीवर निर्मात्याचे नाव, भागाचा क्रमांक व शक्य तर कोणत्या प्रमाणानुसार ती केली आहे हे छापलेले असावे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचे ‘एसएई जे २०’ हे या कामी सर्वत्र ओळखले जाणारे प्रमाण आहे. नळीचे टोक पाहिले असता आतले रबर, मधले विणलेले सूत व बाहेरचे रबर असे थर स्वच्छ दिसावेत. सुताचा थर नसलेली नळी बागेस पाणी देण्यास ठीक, इंजिनास नाही. पिंपरीस टाटांचा व चाकणला महिंद्रांचा कारखाना मालमोटारी बांधतो, आणि सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने तर आपल्या शेजारीच आहेत. असे असता आपणच बिलाशिवाय, नावाशिवाय मिळेल ती नळी घेऊन घरी यावे, याला दिव्याखाली अंधार याखेरीज दुसरे काय म्हणावे?

मापाच्या बाबतीत तडजोड मुळीच नको. नळीचे माप आतील व्यासावरून घेतात. थोडी मोठी नळी आणून क्लिपने करकचून आवळली, तर तिला चुणी पडते व त्या चुणीतून पाणी वाट काढते. थोडी लहान नळी तेल लावून ठोकून बसवली, तर ती टोकाशी चिरते. त्याचप्रमाणे मूळची वळणदार नळी काढून तिच्या जागी सरळ तुकडा वाकवून घालू नये. वाकवलेल्या जागी ती चपटते व पाण्याची वाट अरुंद होते. मूळ नळीच्या मधोमध फुगीर वळ्या असतील, तर त्या शोभेच्या नसतात. इंजिन व रेडिएटर यांच्या हालचालीतील फरक त्या सोसतात. पंखा, पट्टा व धुराचा नळ यांपासून नळी सुटी राहते की नाही, हे इंजिन चालू करण्यापूर्वी पाहावे.

आता क्लिप. मळसूत्राने आवळली जाणारी पट्टी आज घरोघरी ठाऊक आहे. बाजारात तिला अजूनही जुबली क्लिप म्हणतात. हे नाव इंग्लंडमधील लमली रॉबिन्सन या नौदलातील अधिकाऱ्याच्या शोधाचे असून त्याचे पेटंट १९२१ सालचे आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ ही वस्तू टिकली, यावरूनच तिची उपयुक्तता सिद्ध होते. परंतु त्या नावाने आज जे जे विकले जाते, ते सर्वच सारखे नाही. पट्टीला आरपार खाचा असतील, तर त्या खाचांतून रबर वर येऊन कापले जाते. सिलिकॉनच्या बाबतीत हे फारच लवकर होते. म्हणून पट्टीची आतली बाजू सपाट व कडा वळविलेल्या असाव्यात. सिलिकॉनच्या नळीस तर आतून अस्तर असलेलीच क्लिप लावावी. जर्मन ‘डीआयएन ३०१७’ या प्रमाणाप्रमाणे केलेल्या क्लिपांवर धातूची खूण असते. ‘डब्ल्यू १’ म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले साधे पोलाद; ‘डब्ल्यू २’ म्हणजे पट्टी न गंजणारी पण मळसूत्र साधे; ‘डब्ल्यू ४’ म्हणजे पट्टी, पेटी व मळसूत्र सर्वच न गंजणाऱ्या पोलादाचे. मुळशी-मावळच्या पावसात चार महिने चिखल खाणाऱ्या गाडीस ‘डब्ल्यू ४’ घ्यावी, असे आमचे मत आहे. पट्टी चकाकते आणि मळसूत्र गंजून बसते, ही दुसऱ्या जातीची रड आहे; ऐन वेळी ती ना सुटते ना आवळते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापणे व निवणे. इंजिन तापले की नळी व धातूचे तोंड फुगते. निवले की आकसते. साधी क्लिप आवळली तेथेच राहते. ती रबराच्या मागे जात नाही. म्हणून पहाटेच्या थंडीत गाडीखाली थेंब दिसतात व गाडी तापली की ते बंद होतात. ड्रायव्हर ते पाहून क्लिप आणखी एक फेरा आवळतो. चार दिवसांनी पुन्हा थेंब, पुन्हा फेरा. अखेर पट्टी रबरात रुतून नळी टोकाशीच कापली जाते. बैलाच्या गळ्यातील सापती सैल असली तर बैल जू टाकतो आणि फार घट्ट असली तर त्याचा श्वास कोंडतो. क्लिपचेही तसेच आहे. या दुखण्यावर उपाय म्हणजे स्प्रिंग असलेली, सारखा ताण ठेवणारी क्लिप. नळी आकसली की तिच्या स्प्रिंगा पट्टी ओढून धरतात, व नळी फुगली की थोडी सैल देतात. रेडिएटरच्या मोठ्या नळ्यांच्या चारही तोंडांना अशीच क्लिप वापरावी, आणि हीटरच्या वगैरे बारीक नळ्यांस उत्तम प्रतीची साधी क्लिप वापरावी, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. पैसे थोडके असतील, तर निळ्या नळीवर न घालता काळी नळी घेऊन उरलेले चांगल्या क्लिपवर घालावेत.

बसवण्याविषयी थोडेच सांगतो. जुनी नळी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. लांबीत चिरून काढावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड दुखावत नाही. तोंडावरील गंज व जुने रबर स्वच्छ घासावे. ग्रीस किंवा तेल न लावता साबणाच्या पाण्याने नळी चढवावी. तोंडावर जो गोल उंचवटा असतो, तो ओलांडून नळी पुरी आत गेली पाहिजे. क्लिप उंचवट्यावर न येता त्याच्या अलीकडे, आणि नळीच्या अगदी टोकावर न येता त्यापासून सुमारे पाव इंच आत यावी. आवळण्याचा पीळ निर्मात्याने सांगितला असेल तेवढाच द्यावा.

तपासणीची एक खूण प्रत्येक मालकाने शिकून घ्यावी. नळी बाहेरून नवी दिसते, तरी आतून फाटलेली असू शकते. पाणी व दोन निरनिराळे धातू यांच्या योगाने जो बारीक विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, तो ईपीडीएम नळीला आतून, विशेषतः टोकांजवळच्या दोन इंचांत, उभ्या चिरा पाडतो. म्हणून गाडी पूर्ण निवल्यावर नळीचा मधला भाग व टोकाजवळचा भाग अंगठा व बोटांनी दाबून पाहावा. टोकाशी ती मधल्यापेक्षा मऊ किंवा पोकळ लागली, तर ती बदलण्यास योग्य झाली. कडक होऊन करकरणारी, फुगलेली किंवा तेलाने चिकट झालेली नळीही तशीच. असे काही दिसले नाही, तरीही चार-पाच वर्षांनंतर तिच्यावर विश्वास टाकू नये.

जोडीला पाण्याचाही विचार हवा. ज्या विहिरीच्या पाण्याने ठिबकची छिद्रे क्षाराने बुजतात, तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले तर तेथेही तोच थर बसतो. म्हणून निर्मात्याने सांगितलेले कूलंटच योग्य प्रमाणात घालावे, व निरनिराळ्या जातींची भेसळ करू नये. आणि गाडी तापलेली असता रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे घरातील मुलांपासून ड्रायव्हरपर्यंत सर्वांस बजावून ठेवावे. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण निघताच ते एकदम उसळून तोंड-हात भाजते.

यावर कोणी म्हणेल, ‘एवढ्या बारीकसारीक गोष्टी मालकाने पाहावयाच्या, तर पगार देऊन ड्रायव्हर ठेवला कशाला?’ या आक्षेपात अर्थ नाही असे नाही. परंतु ड्रायव्हरच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहावे. घाटात मध्यरात्री गाडी उभी राहते. त्याच्या खिशात मालकाने दिलेली बेताची रक्कम असते. टपरीवरचा मिस्त्री जी नळी दाखवील, ती घेऊन त्याला पहाटेपर्यंत पोहोचावयाचे असते. तो चांगली नळी निवडणार कोठून? निवड ही घरी, दिवसाउजेडी, पैसे व वेळ हाताशी असताना करावयाची गोष्ट आहे, आणि त्या वेळी ती करण्याचा अधिकार फक्त मालकाला असतो. अधिकार आपला आणि दोष ड्रायव्हरचा, हा न्याय नव्हे.

शिवाय नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे ऊस नेणारी गाडी वाटेत पडली, तर गाडीतला ऊस दुसऱ्याचा असतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे म्हणतात. त्यानंतर तो वजनात व साखरेत घटत जातो. भाजी उशिरा बाजारात पोहोचली, तर सकाळचा भाव गेलेला असतो. एका मालमोटारीच्या नळीवर अशा रीतीने पाच-दहा घरांचा हंगाम लोंबकळत असतो.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली मालकांस. खंडेनवमीस व दसऱ्यास आपण गाडीची पूजा करतो व झेंडूचा हार घालतो. तो हार घालण्यापूर्वी केबिन पुढे कलवून प्रत्येक नळी व प्रत्येक क्लिप हाताने तपासावी. गळिताचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होत असल्याने ही वेळ अगदी योग्य आहे. दुसरी तपासणी गुढीपाडव्यास, कडक उन्हाळ्यापूर्वी करावी. आणि प्रत्येक गाडीत वरची व खालची अशी एकेक नळी, चार चांगल्या क्लिपा व दहा लिटर कूलंट कायम ठेवावे.

दुसरी सूचना आपल्या गावोगावच्या संस्थांस. बी-बियाणे व खते आपण एकत्र मागवतो, मग हे का नको? गावात कोणकोणत्या बनावटीच्या गाड्या आहेत याची यादी करून त्यांच्या नळ्या व क्लिपा अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन, एकदम मागवाव्यात. त्या सावलीत व तेलापासून दूर ठेवाव्यात. आणि कोणाच्या गाडीस कोणत्या दिवशी नळी घातली, याची एक वही असावी. त्या वहीवरून दोन-तीन वर्षांत कोणती नळी खरोखर टिकते, याचा आपलाच पुरावा आपल्या हाती येईल, व विक्रेत्याच्या तोंडच्या स्तुतीवर अवलंबून राहण्याची पाळी येणार नाही.

ज्यांनी जमीन देऊन मालमोटार घेतली, त्यांनी तिच्याकडे जमिनीच्याच नजरेने पाहावे. बांध फुटण्याची वाट न पाहता पावसाळ्यापूर्वीच त्यावर मातीची भर टाकणारा शेतकरी आपल्या नळीच्या बाबतीत मात्र ती फुटेपर्यंत थांबतो, हे त्याच्या शहाणपणास शोभत नाही. येत्या दसऱ्यापासून ही रीत प्रत्येक घरी सुरू व्हावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.